भिंतीवरचा ओढा

मी मूळची गडहिंग्लजची. एस्टी स्टँडाच्या मागल्या अंगाला आमच्या अप्पांचं पत्र्याचं दुकान हुतं, पाट्या रंगवायचं. अप्पा म्हंजी माझं वडील. नाव माझं महादेवी, पर मला समदी पेंटरीनच म्हणत्यात. घरात आमी कन्नड बोलायचो आन दारात मराठी, आन अप्पांच्या हाताला दोन्ही यायच्या, कन्नड अक्षर गोल, भरल्या दाण्यागत, आन मराठी अक्षर वरच्या दांडीला टांगल्यालं. एकाच पाटीवर दोन्ही ल्ह्यायचं त्ये. आन हे आधीच सांगतो, मी बाईमाणूस हाय तरी मी आलो, मी गेलो असंच बोलतो, आमच्याकडं बायका अशाच बोलत्यात. एकदा पुण्याची एक पावणी हासली मला, म्हणाली अहो तुम्ही गेलो काय म्हणता, गेले म्हणा. मी म्हटलं बाई, एवढी वर्सं अशीच गेलो की, आता कुटं गेले म्हणू. तुमी पण ल्हिताना तसंच ल्ह्या, दुरुस्त करू नका.

अप्पास्नी पोरगा न्हवता. आमी भणीच. थोरल्या अक्काला रंगाच्या वासानं मळमळायचं, म्हणून ब्रश माझ्या हातात आला, दुसरं काय कारण न्हाय. शाळा सुटली की मी दुकानात. लई दिवस मला नुसत्या उभ्या रेघाच मारायला लावल्या त्यांनी, दोरीला खडू लावून पत्र्यावर फटकन मारायची आन त्या रेघंवर ब्रश चालवायचा, हात हालला की पुसायचं आन पुन्हा. अप्पा म्हणायचं, वाचणाऱ्याला अक्षर दिसाय नको, नाव दिसाय पायजे. आन बेंदराला, बैलांच्या सणाला, लांबलांबनं शेतकरी बैलं घिऊन यायचं त्यांच्याकडं, शिंगं रंगवायला, पाठीवर वेलबुट्टी काढायला. त्येचं अप्पा कायबी घ्यायचं न्हाईत. रंग लावायच्या आधी बैलाच्या पाठीवर हात ठिवायचं आन उभं ऱ्हायचं. बैलानं कातडं थरथरवलं तर थांबायचं, पुन्हा हात ठिवायचं. मी इचारलं असं का, तर म्हणालं, पाटीला जीव न्हाय, ह्याला हाय, ह्याला इचारून रंगवायचं असतं. मला तवा हासू यायचं. बैल काय सांगणार हाय व्हय.

लग्न हून मी आलो त्ये ह्या गावात, पन्हाळ्याच्या वाटंला. गावाचं नाव ल्हिऊ नका तेवढं, कारखान्याचं तर न्हायच न्हाय. आमचं ह्ये अजून तितंच कामाला हायत. कापड रंगवायचा कारखाना, पांढरं कापड येतं आन रंगून जातं. वरल्या अंगाला कारखाना, त्याच्या खाली ओढा, आन ओढ्याच्या पल्याड गाव. कामगारास्नी कारखान्यानं खोल्या दिल्यात, त्यातली एक आमची, म्हंजी ऱ्हायला आमची. ह्ये तवा कंत्राटावर हुतं. ह्या वर्साला कायम करतो, फुडच्या वर्साला कायम करतो, असं चाललेलं. माणूस लई चांगला, कमी बोलणारा. मी पाट्या रंगवायला कोल्हापुरात जातो म्हटल्यावर सासू म्हणाली बाईमाणूस शिडीवर चढणार, लोक काय म्हणतील. तर ह्ये म्हणालं, लोक पाटी वाचतील.

मग मी कोल्हापुरात, राजारामपुरीत लई काम केलं. नव्वदनंतरचा काळ, रोज एक नवा दवाखाना, रोज एक नवा क्लास, इंग्रजीचा, टायपिंगचा, आन समद्यास्नी पाटी पायजे. मी सकाळची बस धरायची, डबा, ब्रश, दोरी, खडू समदं पिशवीत, आन साडीचा काचा मारून शिडीवर. पयल्या पयल्यांदा रिक्षावालं थांबून बगायचं. मग सवय झाली त्यास्नी. सुट्टीच्या दिवशी ह्ये यायचं शिडी धरायला, वर न बगता नुसतं शिडी धरून उभं ऱ्हायचं.

आता ओढ्याचं सांगतो. मी नवी आलतो तवा ओढ्याला पाणी चांगलं हुतं, बायका धुणं धुवायच्या, म्हशी बसायच्या. सोनाआजी म्हणून एक भोईणबाई हुती, तवाच म्हातारी, तिचं घर अगदी काठाला. ती जाळं टाकायची, मासं आणून दारात इकायची. आमी लिंगायत, आमच्या घरात मासा चालत न्हाय, पर मी बगायला जायचो, ओल्या बुट्टीत त्यांच्या अंगावरचा रंग बगायला. तसला रंग डब्यात मिळत न्हाय, काय सांगू तुमास्नी, मरळीच्या पाठीवरचं काळं आन हिरवं एकमेकांत कसं मिसळलंय ह्ये कळता कळत न्हाय.

मग कारखाना वाढला, दोन पाळ्या झाल्या, तीन झाल्या, आन ओढ्याला रंगाचं पाणी यायला लागलं. एक दिवस डाळिंबी, एक दिवस मोरपंखी, एक दिवस निळं. दुसऱ्यास्नी नुसतं लाल दिसायचं, निळं दिसायचं, मला रंगाचं नाव दिसायचं, मी रंगातलीच की. पोरं सकाळी उठून पळायची आज कुठला रंग बगायला, त्यास्नी मजा वाटायची. म्हशी पाण्यातनं आल्या की गुडघ्यापातूर रंगल्याल्या. मग मासं पोटं वर करून आलं. एकदाच आलं, पुन्हा आलंच न्हाईत, कारण यायला कोण उरलंच न्हवतं. सोनाआजीनं जाळं खुंटीला टांगलं आन तिची दोन्ही पोरं कारखान्यात लागली, कंत्राटावर, आमच्या ह्यांच्यागतच.

तुमी म्हणाल गाव गप का बसलं. गाव कुटं गप बसलंतं, गाव अडकलंतं. ग्रामसभेत एकजण उठायचा, म्हणायचा ह्ये पाणी बंद झालं पायजे, आन बाजूचा त्याचा शर्ट वढून म्हणायचा बस खाली, तुझा भाऊ तितंच हाय. दर घरातला एक माणूस तितं. भांडायचं कुणाशी. रात्रीचा डबा भरून त्याच दारात पाठवायचा आन त्याच दाराला शिव्या द्यायच्या, असं कसं जमणार. ह्ये घरी यायचं तवा त्यांच्या नखात रंग असायचा. मी बगायचो आन वळखायचो, उद्या ओढा कुठल्या रंगाचा असणार त्ये. बोलायचो न्हाय.

अशात एक दिवस म्यानेजर साहेबांनी ह्यास्नी आत बोलावलं. म्हणालं तुझी बायको पेंटर हाय न्हवं, आपली रस्त्याकडंची भिंत रंगवायची हाय, सरकारचं साहेब येणार हायत बगायला, झाडं, पक्षी, पाणी असं निसर्गाचं चित्र पायजे आन वर ल्ह्यायचं, निसर्गाचा मान राखा. काम चांगलं झालं तर तुझ्या कायमचं मी सोता बगतो. ह्ये घरी आलं त्ये हासतच. मी त्यास्नी तसं हासताना लई दिवसांनी बगितलं. आता मी काय म्हणणार हुतो सांगा. निसर्गाचा मान राखा, ह्या भिंतीवर. मी म्हटलं करतो.

भिंत लांबलचक, गेटापासनं पार ओढ्याच्या मोरीपातूर, म्हंजी रस्त्याखालच्या लहान पुलापातूर. मी आपलं नेहमीचं सुरू केलं, दोन डोंगर, मधी सूर्य, नारळाची झाडं, तळं आन तळ्यात हंस. क्यालेंडरावर असतंय तसं. ह्ये हातानं आपोआप निघतं, डोकं लागत न्हाय. तर सोनाआजी काठी टेकत आली, लई येळ उभी ऱ्हायली, आन म्हणाली, पेंटरीन, ह्ये कुठलं गं पाणी? मी म्हटलं आजी, असंच, चित्र हाय. ती म्हणाली, आपल्या ओढ्याला हंस कवा आलता? एवढी भिंत मिळालीया तुला आन परमुलखातलं पाणी काढतीस?

मला त्ये लागलं. दुसऱ्या दिवशी मी हंस पुसला. नारळ पुसलं. डोंगर ऱ्हाऊ दिलं, फकस्त आपल्या पन्हाळ्याच्या बाजूचं केलं, वरनं सपाट. आन आजीला म्हटलं बस हितं, सांग. ती दगडावर बसायची आन सांगायची, हितं वळणाला उंबर हुता, त्याच्या मुळात वाम बसायची, सापागत लांब मासा, हात घातला की बोटास्नी गुळगुळीत लागायची. हितं वाळुंजाची झाडं, त्याच्या फांदीवर खंड्या. हितं खडक, खडकाखाली खेकडं. शिंगाळ्याला मिशा असत्यात, त्या अशा न्हाय, जरा खाली वाक की. मी काढायचो, ती म्हणायची हां, न्हायतर म्हणायची न्हाय. मग रस्त्यानं जाणारं एकेक थांबायला लागलं. पाळी सुटलेलं कामगार थांबायचं. कुणी म्हणायचं माझ्या बापानं धरलेली मरळ एवढी हुती, हात पसरून दाखवायचं. कुणी म्हणायचं करंज न्हाय काढलास, करंजाच्या सावलीला आमी पोहायला शिकलो. मी काढलं करंज. ज्येनं ज्येनं जे सांगिटलं त्ये काढलं. रंग डब्यातला मला पुरंना, मी एकात एक मिसळायचो, पाणी घालायचो, पुसायचो, बोटानं लावायचो. जन्मभर मी दुसऱ्याचं नाव रंगवलं, दुकानाचं, डाक्टरचं. ह्या कामात मला घरी जायाचंच सुचायचं न्हाय. मरळीच्या अंगाला ब्रश लावायच्या आधी मी उगंच भिंतीवर हात ठिवून उभी ऱ्हायचो, आन अप्पांची आठवण यायची.

म्यानेजर साहेब आलं, बगितलं, म्हणालं फस्ट क्लास. गाडीत बसून गेलं. त्यास्नी कुठला ओढा ह्ये वळखलंच न्हाय, वळखायला त्यांनी तो कवा बगितलाता.

मग आला आषाढ. आमच्याकडं आषाढात नवं पाणी आलं की बायका घागरी घिऊन ओढ्यावर जात्यात, सनई ढोलकं फुडं, पाण्याची ओटी भरायची, खण, नारळ, तांदूळ, आन घागर भरून देवीच्या पायावर घालायची. पाणी घाण झाल्यापासनं बायका नळाचंच पाणी देवीला घालायच्या आन ओटी तशीच ऱ्हायची. त्या वर्साला काय झालं कुणास ठाऊक, बायका निघाल्या, आन ओढ्याच्या मोरीपशी आल्यावर सोनाआजी वळली त्ये सरळ भिंतीकडं. भिंतीवरच्या पाण्याला तिनं हळद लावली, कुकू लावलं आन फुडं खण नारळ ठिवला. तिच्या मागनं दुसरी, तिच्या मागनं तिसरी. मी पण हुतो की त्यात, घागर डोईवर घिऊन.  मी काढल्याल्या पाण्याची ओटी भरायला लागल्यात बायका. मला बरं वाटायच्या ऐवजी भ्याच वाटलं. वाजवणाऱ्यांनी पण वाजवायचं थांबवलं. एक सुमन म्हणून, आमच्या खोल्यांच्या जवळ तिच्या सासऱ्याचं घर, तिचा नवरा पण तितंच, ती तर पदर तोंडाला लावून रडत हुती.

आन नेमकं त्याच दिवशी सरकारचं साहेब आलं. म्यानेजर साहेबांनी त्यास्नी भिंत दाखवली, त्यांनी छान म्हटलं, आत जाऊन चहा घेतला. जाताना त्यांनी गाडी थांबवली आन बायकास्नी इचारलं ही कसली पूजा.  म्यानेजर साहेब म्हणालं गावची पद्धत हाय साहेब. तर सोनाआजी म्हणाली, बाबा, आमचा ओढा मेला, म्हणून आमी भिंतीवरच्या ओढ्याची ओटी भरतोय. त्यो साहेब तरणाच हुता. गाडीतनं उतरला आन म्हणाला कुटं हाय ओढा, दाखवा. आजीच्या मागनं मोरीखाली गेला. त्या दिवशी ओढा जांभळा हुता.

मग सरकारचा कागद आला आन कारखाना बंद झाला.

मला वाटलं हुतं गाव मला डोक्यावर घील. कसलं काय. पयल्या हप्त्यात लोक खूश हुते, दुसऱ्या हप्त्यात पगार न्हाय, तिसऱ्या हप्त्यात माझ्याशी कोण बोलंना. नळावर मी गेलो की बायका घागर उचलून बाजूला हुयाच्या. सुमनचा नवरा दारात यून म्हणाला, वहिनी, तुमच्या चित्रापायी माझ्या पोरांच्या तोंडचा घास गेला. सोनाआजीची पोरं तिच्याशी बोलंनात. ओढा मात्र त्या दिवसांत साफ दिसायला लागलाता, तळातलं खडं दिसायचं. मी जाऊन बगायचो. एकीकडं खडं दिसत्यात म्हणून आनंद, आन माघारी वळलं की रिकामी बसलेली माणसं. दोन्ही खरं हुतं. कुठल्या बाजूला पाय ठिवावा कळायचं न्हाय.

कारखान्यानं पाणी साफ करायचं मोठं टाकं बांधलं आन कारखाना चालू झाला. पयलं काम काय, तर म्यानेजर साहेबांनी ह्यास्नी बोलावलं आन म्हणालं ती भिंत पांढरी करायला सांग बायकोला. ह्ये घरी यून सांगून बसलं. मी म्हटलं मी न्हाय करणार, काय वाटंल त्ये करा.  सकाळी उठून ह्ये कामावर गेलं. मी चुलीपशी हुतो तवर सुमन पळत आली, म्हणाली पेंटरीन, भिंतीकडं जा, तुझ्या नवऱ्यालाच चुना मारायला लावलंय.

मी गेलो. ह्ये भिंतीपशी उभं, फुडं चुन्याची बादली, हातात झाडू, आन म्यानेजर साहेब खुर्ची टाकून बसलेलं. रस्त्यानं माणसं बगत जात हुती. ह्यांनी जन्मात भिंत रंगवली न्हवती. चुना अंगावर उडालता, हाताला चिरा पडलेल्या, त्यात चुना जाऊन आग हुत असणार, तरी झाडू चालूच. उंबरापाशी त्यांनी सुरू केलं हुतं. मला बगितलं आन त्यांची मान खाली गेली.  शिडी धरून वर न बगता उभा ऱ्हाणारा माणूस त्यो. मी बादली घेतली, त्यांच्या हातातला झाडू घेतला आन म्हटलं तुमी जावा मशीनवर. त्ये हालंनात. मग मीच भिंत पांढरी केली. उंबर, वाम, शिंगाळा, मरळ, करंज. चुन्याच्या एका हातात झाकत न्हवतं, मासा चुन्यातनं दिसायचा, पुन्हा एक हात. ह्ये बादली धरून उभं हुतं संपंस्तवर. सोनाआजी दगडावर यून बसलीती. ती म्हणाली, सावकाश कर पोरी, डोळ्यात जाईल. बस, एवढंच.

ह्ये कायम झालं, त्याच दिवाळीला. पेढं वाटलं आमी.

फुडं त्ये फ्लेक्सचं आलं. डाक्टरनं फोटू दिला की संध्याकाळी फ्लेक्स तयार. राजारामपुरीतल्या माझ्या पाट्या एकेक उतरल्या, काय पाट्यांच्या वरच फ्लेक्स ताणलं. मला वाटलं संपलं आपलं काम. तर एक दिवस सुमन आली, नवरा कामावर गेल्यालं बगून आली, आन म्हणाली माझ्या सैपाकघरात एक मासा काढतीस व्हय? भिंतीवर हुता तसला. मी म्हटलं तुझा नवरा? ती म्हणाली घर माझ्या सासऱ्याचं हाय, भिंत आमची हाय. मी काढली, चुलीच्या वरल्या अंगाला, मरळ. तिचा नवरा आला, मासा बगितला आन जेवायला बसला. मग दुसरीनं बोलावलं. मग तिसरीनं. कुणी पाण्याच्या माठामागं, कुणी देव्हाऱ्याखाली, कुणी उंबऱ्याच्या आत. सोनाआजीच्या घरात मी पुरी भिंत वाम काढली, तिला नजर कमी आलती, ती हात फिरवून म्हणाली व्हय, अशीच गुळगुळीत. ती गेली आता. तिची पोरं तिच्या भिंतीला चुना लावत न्हाईत.

ओढ्याचं इचारशीला तर टाकं हाय, चालू असतं कवा, कवा नसतं. दिवसा रंग येत न्हाय आता. सकाळी काठावर गेलं तर दगडाला रंगाची रेघ बसलेली दिसती, तेवढ्यावरनं कळतं. परवा एका घरात मी खेकडा काढत हुतो तर त्यांची नात म्हणाली आजी, ह्ये खरं असतंय काय गोष्टीतलं? मी म्हटलं खरं असतंय बाळ. पर दाखवायला कुटं नेऊ तिला. पन्हाळ्याच्या पल्याडच्या ओढ्यावरच न्यायला पायजे.

आषाढात बायका अजून निघत्यात. आता ज्येच्या त्येच्या घरात मासा हाय, त्यालाच हळदकुकू लावत्यात आन मग देवीला जात्यात. गावात क्वचित घर सापडंल ज्येच्यात माझ्या हातचा मासा न्हाय. त्यातलं एक माझं. कारखान्याची खोली हाय ही, भिंतीवर खिळा मारायची पण परवानगी लागती, चित्र तर लांबच. पांढरीच ठिवावी लागती. आषाढात मी घागर घिऊन सुमनच्या घरात जातो आन तिच्या मरळीला कुकू लावतो.

ह्यांची रिटायरी जवळ आलीया. मग ही खोली सोडावी लागंल, कुटं जायाचं त्ये अजून ठरलं न्हाय. ह्ये म्हणत्यात गडहिंग्लजला जाऊया, मी म्हणतो बगू. देवीपशी मी दुसरं कायबी मागत न्हाय, एक भिंत आपली मिळू दे एवढंच, हातभर असली तरी चालंल. आन तुमी पावणं, कुठल्या गावचं असशीला तितल्या पाण्याला बरं ऱ्हाऊ दे. जाताना मोरीवरनं जाशीला, तवा ती भिंत दिसंल. पांढरी हाय, वळखू यील.